बटणाचं सोवळं

गोवा राज्य झालं त्या सालची गोष्ट. धाकूच्या टॅक्सीचं उद्या डिचोलीला पासिंग होतं आणि धोक्याचे चारही दिवे बंद. ते लागले नाहीत तर टॅक्सी दारातच. पेडण्याचा सखाराम मेस्त्री मात्र शीळ घालत होता.

"डावो-उजवो दोनय इंडिकेटर लागतत. म्हणजे बल्ब बरे, रिले बरो. दोष बटणात."

त्याने लाल बटण खोललं. आत हळद-कुंकवाचा लगदा आणि नारळाच्या पाण्याने चढलेला गंज. दर शुक्रवारी गाडीची पूजा करणारी धाकूची आई, चंद्रावती, मागच्याच सीटवर बसली होती. धाकू तोंड उघडणार, तोच सखारामाने त्याच्या पायावर पाय दिला. घरात भांडण लागलं की दुरुस्ती लांबते, हे त्याला पक्कं ठाऊक.

बटण घासून बसवल्यावर चारही दिवे लुकलुकले.

"आये, ह्या बटणाक कडक सोवळां लागता. हळद-कुंकू, पाणी कायएक चलना नाय."

"मगे आदी सांगूक नको?" म्हातारी त्यालाच ओरडली.

दुसऱ्या दिवशी नव्या राज्याच्या नव्या साहेबांनी बटणाकडे बोट नेलं. मागच्या सीटवरून म्हातारीचा आवाज आला, "साहेबा, आदी हात धुवन् ये!"

साहेब निमूट हात धुऊन आले. दिवे लागले, टॅक्सी पास झाली.