गोठ्याच्या भिंतीवरचा मजकूर

थोरलीने पंचविसाव्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, तळहाताने घडी मोडली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. अजून पंधरा टेबलं बाकी होती. संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाचं जेवण होतं.

हा हॉल म्हणजे त्यांचाच जुना गोठा. जमीन विकली तेव्हा नव्या मालकाने दोघा भावंडांना कामावर ठेवून घेतलं. धाकटा भाऊ फाटकावर, थोरली आत. दावणीच्या जागी आता गुळगुळीत फरशी होती आणि वास म्हणावा तर कसलाच नव्हता.

व्यवस्थापक मुलगी हातात कागद घेऊन लगबगीने आली.

"मावशी, एवढं वाचा ना. जागेचा इतिहास भिंतीवर लावायचाय. फाटकावरच्या काकांनीच सांगितलाय सगळा."

थोरलीने चष्मा चढवला. आजोबांनी माळ फोडून जमीन केली. वडिलांनी गोठा बांधला. मुलाने चाळीस गाईंपर्यंत नेला. पुढे साथ आली, गुरांच्या डॉक्टरने लस टोचायला उशीर केला आणि आठ दिवसांत दावण रिकामी झाली.

शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची बायको बाजारात दिसली की अजूनही हिच्या जड पिशवीचा एक बंद धरायची.

"डॉक्टरचं काढ त्यातून."

"का हो?"

"तो वेळेवर आला होता. दोनदा आला होता."

"मग लस का नाही टोचली?"

थोरली कापडावर नसलेली सुरकुती काढत राहिली. मुलीने खिडकीतून भावाला हाक मारली. तो आला, पण उंबऱ्याशीच थांबला. हॉल झाल्यापासून त्याने आत पाऊल टाकलं नव्हतं.

"काका, डॉक्टर वेळेवर आले होते म्हणतात मावशी."

"असू दे गं आहे तसं," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याच्या बायकोला पडतो," थोरली म्हणाली.

"मग माझं लिही. मी परगावी गेलो होतो, माझ्याकडून राहिलं."

"त्याला फाटकातून मी परत पाठवलं." थोरलीचा आवाज चढला नाही. "भाऊ आल्याशिवाय गुरांना हात लावायचा नाही, म्हटलं. दोन्ही वेळा."

भावाने दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"ठाऊक आहे मला. डॉक्टरनेच सांगितलं होतं, त्याच आठवड्यात."

थोरलीने हाताला लागली ती खुर्ची ओढली आणि बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"एकोणीस वर्षं बोलला नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तू जेवण टाकलं होतंस."

मुलगी पेन हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग चाचरत म्हणाली, "मावशी, तुमचं लिहू का मग? म्हणजे... यात तुम्ही कुठेच नाही आहात, म्हणून विचारते."

थोरलीने कागद पुन्हा हातात घेतला. आजोबा, वडील, मुलगा. तिने चष्मा काढला, डोळे चोळले.

"लिही," ती म्हणाली. "पण तीस वर्षं पहाटे उठून धारा काढल्या, ते आधी लिही. मग हे."