मागच्या डाव्या चाकाचा गोळा

मी एक लोखंडी गोळा बोलतोय. पपनसाएवढा, काळा, दिसायला काही खास नाही. अन्सेल्म विदालांक यांच्या जुन्या लांबलचक गाडीखाली, मागच्या डाव्या चाकाशी माझं बिऱ्हाड आहे. उजवीकडे माझा जुळा भाऊ राहतो. या गाडीला मागे स्प्रिंगा नाहीत, जे काही आहोत ते आम्ही दोघं.

माझ्या पोटात एक रबरी पडदा आहे. त्याच्या वर कोंडलेला वायू, खाली हिरवं तेल. मागे कितीही ओझं टाका, एक झडप जास्तीचं तेल आत सोडते आणि गाडी पुन्हा सपाट उभी राहते. ते काम झडपेचं. रस्त्यातला खड्डा गिळायचा, हे काम माझं आणि माझ्या वायूचं. लोक नेमकं हेच विसरतात.

अन्सेल्मनी फ्रान्समधल्या कांतालच्या डोंगरात चाळीस वर्षं पेस्ट्रीचं दुकान चालवलं. आमच्याकडे लग्न म्हटलं की मनोरा हवाच. क्रीम भरलेले लिंबाएवढे पफ साखरेच्या कडक पाकाने एकावर एक चिकटवायचे, कमरेएवढे उंच. ही गाडी त्यांनी त्यासाठीच घेतली. दांडी ओढली की ती खाली बसते, मनोरा आत सरकवायचा, दांडी ढकलली की उठते.

गॅरेजवाल्या म्हाताऱ्या रूबोंनी त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. "महिन्यातून एकदा मागची उंची मोज. आणि डिकीवर हात ठेवून दाब. खाली जाऊन हळूच वर आली पाहिजे." अन्सेल्मनी पहिली लक्षात ठेवली. जन्मभर साखर ग्रॅमवर तोललेला माणूस, मोजपट्टी सोडून कशावर विश्वास ठेवणार? दर महिन्याला चाकाशी वाकून मोजायचे आणि म्हणायचे, "अगदी बरोबर."

उंची बरोबरच होती हो. पण रबरातून वायू थोडाथोडा पाझरतोच. रूबोंनी दोनदा भरून दिला होता. ते गेले आणि पुढची आठ वर्षं कुणी विचारलं नाही. मी आतून रिकामा झालो, खड्डे गिळेनासा झालो. मला लाज वाटायची, पण सांगणार कुणाला?

मागच्या शरद ऋतूत शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नाला निघालो होतो. ओढ्याच्या मोरीवरच्या खड्ड्यात असा दणका बसला की मनोरा मधोमध तडकला आणि कोसळला. अन्सेल्मनी डिकी उघडली.

"हात गेले माझे, जोसेत," ते बायकोला म्हणाले. "पाक धरत नाही आता."

"हात नाही, अक्कल गेली," जोसेत म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दोष माझा होता. त्यांच्या हातांवर आळ आला, आणि मी चाकाशी गप्प. त्यांनी मनोरे सोडले. जूनमध्ये नात सोलेनचं लग्न होतं, तिला फोनवर सांगितलं, "तुझा शहरातल्या दुकानातून मागवू." ती म्हणाली, "बरं, आजोबा." आणि तिने फोन ठेवला.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना ते मला, म्हणजे गाडीला, विकायला रूबोंच्या मुलीकडे घेऊन गेले. गिस्लेन आता बापाचं गॅरेज चालवते. मनोरा कसा कोसळला ते ऐकता ऐकता ती डिकीच्या कडेवर बसली, आणि लगेच उठली. पुन्हा धपकन बसली.

"काका, ही दगड कधीपासून झाली?"

"उंची मोज तू. मिलिमीटर इकडची तिकडे नाही."

"खांबाचीही नसते. त्यावर मनोरे वाहणार का?" तिने दोन्ही हातांनी दाबून दाखवलं. गाडी हलली नाही. "मनोरा या दगडाने पाडला. तुमच्या हातांना काय झालंय?"

अन्सेल्म तिथेच पडलेल्या एका टायरवर बसले.

तिने तेलाचा दाब सोडला, गाडी पोट टेकून बसली. मग गाडी उचलून आम्हा भावांना बाहेर काढलं, बापाच्या जुन्या यंत्राला लावलं. वायू आत शिरला तेव्हा कितीतरी वर्षांनी मला छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. नवीन रबरी कड्या घालून तिने आम्हाला नुसत्या हाताने आवळलं, पाना लावला नाही. बाप तसंच करायचा.

"हं, विकायची होती ना?" तिने विचारलं.

"गप गं," अन्सेल्म म्हणाले.

लग्नाच्या सकाळी एकशे चाळीस पफांचा मनोरा माझ्या डोक्यावर होता. मोरी आली. जोसेतने डोळे मिटले. मी तो खड्डा सगळाच्या सगळा गिळला. चर्चपाशी डिकी उघडली, तर एकही पफ जागचा हललेला नव्हता. सोलेन झगा सावरत धावत आली आणि मनोऱ्याकडे न बघता तिने आधी आजोबांचे हात हातात घेतले.

सप्टेंबरसाठी मनोऱ्याची एक ऑर्डर आली आहे. मोजपट्टी आता खणात असते. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढंच करा, अधूनमधून त्याच्यावर भार टाकून बघा. अन्सेल्म दर रविवारी बघतात. कामातून उठून तसेच येतात, दाबतात, मी वाकतो आणि वर येतो. डिकीवर पिठाचे दोन पंजे उमटतात. जोसेत पुसायला फडकं आणते, आणि न पुसताच परत जाते.