अंजिराला औषध दिलंय

मी अंजिराचं झाड बोलतोय. या घराच्या मागच्या अंगणात, मोरीच्या भिंतीला खेटून उभा आहे. माझ्याकडे वेळ फार नाही, तेव्हा लहानपण थोडक्यात उरकतो.

दादानं कुणाच्या तरी कुंपणातली एक फांदी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून टेम्पोच्या सीटखाली ठेवली आणि इथं आणून खोचली. दादा म्हणजे या घराचा कर्ता माणूस. मालाचा टेम्पो चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावरच असतो.

"काठी आहे ती नुसती," त्याची बायको म्हणाली होती. "काठीला कधी फळं धरतात का?"

तिला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. मला पहिली अंजिरं धरली तेव्हा तिनं ती मोजलीसुद्धा नाहीत, सरळ ओच्यात घेतली आणि घरात जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमच्या काठीनं नाक कापलं की माझं."

वहिनी शिवणकाम करते. तिचं मशीन मागच्या खिडकीशी, म्हणजे अगदी माझ्यासमोर. ब्लाउजच्या बाह्या लावता लावता ती माझ्यावर लक्ष ठेवते आणि मी तिच्यावर. गाळलेली चहापत्ती माझ्या बुंध्याशी, डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी माझ्या आळ्यात. फळं संपली की माझी मधली गर्दी ती स्वतः छाटते. कापडाची कात्री मात्र झाडाला लावू देत नाही. त्यावरून दादानं एकदा चांगलीच बोलणी खाल्ली आहेत.

तिच्या जॅमची रीत ठरलेली. अंजीर मानेत वाकलं की पिकलं. सालीसकट चार फोडी करायच्या, साखर, वर लिंबू, आणि मंद आच. साल काढायची नाही. "सगळी चव सालीतच असते," असं ती प्रत्येक वेळी, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

यंदा त्या जॅमची वाट साऱ्या घरानं पाहिली. कारण बेबी. बेबी ही दादाची धाकटी बहीण. तिचा नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, म्हणून ती इथं वरच्या खोलीत राहते. तिला दिवस गेलेत, सहावा महिना चालू आहे. पहिल्यापासून तिच्या पोटात काही ठरत नाही. पाणी प्यायली तरी उलटून पडतं. ठरतं ते एकच, कोरड्या पावाला लावलेला माझा जॅम. मागच्या वर्षीची शेवटची बरणी तिनं खरवडून संपवली.

"वहिनी, आता बोट घालून चाटू का?"

"चाट. फक्त बरणी चावू नकोस."

मी फळं भरत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या फांद्यांवर कापसासारखी पांढरी कीड चढली. मुंग्यांची रांग लागली. दादानं पाहिलं आणि संध्याकाळी एक बाटली घेऊन आला. शीतपेयाची जुनी बाटली. आत पिवळसर, घट्ट काहीतरी. दुकानदारानं मोठ्या कॅनमधून ओतून दिलं होतं. बाटलीवर नाव नाही, प्रमाण नाही, धोक्याची खूण नाही.

यावर मला बोललंच पाहिजे. शेतावर मारायचं विष सरबताच्या बाटलीत ओतून कुणालाही विकायचं, "एकदम जालीम आहे, शेतात चालतं तर दारात का नाही चालणार," असं हसत सांगायचं, आणि गल्ल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. याला धंदा म्हणतात. त्या माणसाला कुणी जाब विचारला नाही, विचारणारही नाही. दादानं तरी कुठं विचारलं? झाकणभर सांगितलं होतं, त्यानं फवारणीच्या पंपात दोन झाकणं टाकली. माया जास्त, म्हणून मात्राही जास्त. तोंडाला रुमाल बांधून पानन् पान भिजवलं आणि पंपात उरलेलं माझ्या मुळाशी ओतलं.

पानावरचं वारा नेतो, पाणी धुतं. मुळाशी ओतलेलं मला प्यावं लागतं. मला तोंड मिटता येत नाही. मी प्यायलो, आणि जे प्यायलो ते फळांत गेलं.

पहाटे टेम्पो काढायला निघताना दादा मागच्या खिडकीतून वहिनीला म्हणाला, "अगं, अंजिराला औषध दिलंय. आता आठ-दहा दिवस बघ."

त्याला म्हणायचं होतं, थांब, हात लावू नकोस. तिनं ऐकलं ते असं: औषध दिलंय, आता बघ कसा गुण येतो. त्याचीही चूक नाही, तिचीही नाही. या भाषेत ताप उतरवतं तेही औषध आणि जीव घेतं तेही औषध. खोकल्याची बाटली आणि ही बाटली, दोन्हींना एकच नाव. ज्यानं कुणी पहिल्यांदा विषाला हे लाडाचं नाव दिलं, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा.

गुण आलाच. कीड वाळून गळाली. मुंग्यांची रांग जिथल्या तिथं थांबली आणि तशीच राहिली. रोज चोच मारायला येणारी बुलबुलाची जोडी दिसेनाशी झाली. त्यातला एक पक्षी मोरीमागे पडला आहे, तो अजून कुणाला दिसलेला नाही. वहिनी फार खूश. "यंदा पाखरांनी एक फळ नासवलं नाही," शेजारच्या काकूंना भिंतीवरून सांगत होती.

चौथ्या दिवशी ती टोपली घेऊन आली. मी देठातून जितका सोडता येईल तितका चीक सोडला. माझ्याजवळ तेवढंच हत्यार आहे. तिची बोटं चुरचुरली. ती आत गेली, हाताला तेल लावून परत आली.

अंजिरं तिनं दोनदा धुतली. खिडकीतून वास आला, दरवर्षीसारखाच गोड.

दोन दिवसांनी बेबीला दवाखान्यात न्यावं लागलं. ते मी वहिनीच्या तोंडून ऐकलं, काकूंना सांगताना.

"घामानं नुसती भिजलेली हो. तोंडातून लाळ थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध पोटात गेलंय का? म्हटलं, छे हो, डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती. घरात औषध म्हणून नाही."

"मग काय म्हणाले?"

"सलाईन लावलं. अशा दिवसांत होतं म्हणाले. माझंही डोकं सारखं धरलंय बघा. ऊन किती आहे."

संध्याकाळी दादाचा फोन आला. ती मशीनपाशी उभी राहून बोलत होती. "तुमच्या औषधाला गुण आला हं. बेबी? उलट्या चालूच आहेत. हो, पहिल्यापासूनच्याच. तुम्ही या, मग एक गंमत दाखवते." गंमत म्हणजे खिडकीत ओळीनं मांडलेल्या बरण्या. तो फोनवर हसला असावा, कारण तीही हसली.

माझी खालची पानं पिवळी पडून गळताहेत. माझं काय व्हायचं ते होवो. तुम्ही हे वाचताय, तुम्हाला तोंड आहे, हात आहेत. कुणाच्याही अंगणात अशी बिननावाची बाटली दिसली तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत विष असं लिहा. फळ तोडणाऱ्याला विचारा, झाडाला काय दिलं, कधी दिलं. आणि या गल्लीत राहत असाल तर आत्ता उठा, या घराचं दार वाजवा.

बेबी आज घरी आली आहे. खिडकीशी खुर्चीत बसली आहे, हात पोटावर.

"वहिनी, सकाळपासून यानं पाय नाही मारला गं."

"झोपलं असेल. थोडं गोड खा, गोड पोटात गेलं की हलतं," असं म्हणत वहिनीनं बरणी पुढं ओढली.