खुर्चीतला निळा ठिपका

"ताई, तुमच्या मातोश्री म्हणजे योगी हो. तासभर झाला, हलल्या नाहीत."

रक्त काढणाऱ्या काकांनी प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर नमुन्यांचा ट्रे ठेवला आणि तिच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. सूक्ष्मदर्शकाला टेकवून ठेवलेल्या त्या मोबाइलवर घरची खोली दिसत होती. दिसत होती म्हणजे काही करडे चौकोन आणि खुर्चीच्या जागी एक निळा ठिपका.

"पडल्यापासून धसका घेतलाय तिने," ती म्हणाली. "बसून राहते तेच बरंय."

आईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला चार महिने झाले होते. काठीच्या आधाराने चालता येत होतं, पण घरात कुणी नसताना उठायचं नाही, असं लेकीने बजावलं होतं. घरी फळीवर एक जुना मोबाइल लावून ठेवला होता. त्यात रोजचा दीड जीबी डेटा. चित्र स्पष्ट ठेवलं तर तो अकराच्या आत संपायचा. सगळ्यात कमी दर्जावर ठेवलं तर संध्याकाळी सहापर्यंत पुरायचा.

"मी त्यात दिसते तरी कशी गं?" आईने एकदा विचारलं होतं.

तिने दाखवलं. "हा निळा ठिपका म्हणजे तू. तुझा स्वेटर."

"एवढीच?" आई बराच वेळ बघत राहिली. "ना नाक, ना डोळे. आणि एवढ्यासाठी मला दिवसभर खुर्चीला खिळवून ठेवतेस."

"पुन्हा पडलीस तर माझ्याकडे एकही रजा उरलेली नाही, आई."

आईने स्वेटरचं वरचं बटण लावून घेतलं होतं.

आज सकाळी मोबाइल कंपनीचा संदेश आला, घरच्या नंबरावर दिवसभर डेटाला मर्यादा नाही. साडेअकराला, दोन काचपट्ट्यांच्या मधे, तिने दर्जा वाढवला. गोल चक्र फिरत राहिलं. मग चित्र एकदम स्वच्छ झालं.

खुर्चीत उशी होती. उशीला निळा स्वेटर घातलेला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. वर व्यवस्थित बसवलेली लोकरीची टोपी.

ती जमीन बघू लागली, कोपरा न् कोपरा. जमिनीवर कुणी नव्हतं. काठी जागेवर नव्हती. चपलाही नव्हत्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

गेले कित्येक दिवस अधूनमधून एक सावली चित्रातून सरकत असे. पडदा हलला असेल, असं समजून ती पुन्हा पेशी मोजायला लागे. काचेवरच्या धुळीला पेशी समजू नये, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

बाराला पाच कमी असताना दार उघडलं. आई आत आली, एका हातात काठी, दुसरा भिंतीला लावत, सावकाश. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. समोरच्या शिंपीणबाईंकडे काज-बटणं करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. पडल्यानंतर ते बंद झालं होतं. निदान लेकीला तसं वाटत होतं.

आईने मोजपट्टी खणात ठेवली. उशीची बटणं एकेक करून काढली, स्वेटर अंगात घातला, टोपी चढवली आणि खुर्चीत बसून घड्याळाकडे पाहिलं. लेकीचा फोन रोज बाराला येतो.

लेकीने बाराला फोन केला. आईने बटणांचा फोन कानाला लावला. तिच्या बोटांवरची खडूची पांढरी भुकटीसुद्धा दिसत होती.

"काय करतेस?"

"काय करणार? बसलेय. तुला दिसत नाही का?"

"दिसतंय."

"कंटाळा आलाय नुसता," आई म्हणाली. आवाजात कंटाळ्याचा मागमूस नव्हता. चार महिन्यांत असा आवाज ऐकलेला तिला आठवेना.

'उंबरठा सांभाळ' असं लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो दोन इंच उंच होता. बाहेरचा दिवाही आठवड्यापासून गेला होता.

"येताना बाहेरच्या दिव्याला बल्ब आणते," ती म्हणाली.

"मला काय करायचाय बाहेरचा दिवा?"

"असू दे. मला लागतो."

फोन ठेवल्यावर काका रिकामा ट्रे न्यायला आले. "वा, आज चेहरा दिसतोय की."

"हो, डेटा जास्तीचा आहे आज."

ते गेल्यावर तिने दर्जा पुन्हा सगळ्यात कमीवर आणला. आईचे डोळे गेले, मग नाक, मग टोपी. तीन वाजता तिने मान वर करून पाहिलं. निळा ठिपका हलत नव्हता. तिने पुढची काचपट्टी लावली.