नवसाचा रिमोट

मी बोलतोय तो व्हिडिओ गेमचा रिमोट. दुकानात माझं नाव कंट्रोलर होतं, पण भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या या घरात आजीपासून सगळे मला रिमोटच म्हणतात, आणि आता मलाही तेच आपलं वाटतं. माझी गोष्ट सांगायची तर आधी एका नवसाची सांगावी लागेल, कारण त्या नवसात माझं नाव घेतलं गेलं होतं.

चैत्रातली दुपार होती. राजश्रीताईंनी देव्हाऱ्यापुढे निरांजन लावलं, मला टीव्हीखालून उचलून पाटावर ठेवलं, माझ्या पाठीवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि गावच्या देवीच्या फोटोला हात जोडले. "आई, माझ्या लेकीचा, पायलचा हात पहिल्यासारखा होऊ दे. तिचा हा गाडीचा खेळ शंभर टक्के पूर्ण होईपर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही."

माझ्या पोटात दोन इवल्या मोटारी आहेत. पडद्यावरची गाडी कठड्याला आपटली की त्या फिरतात आणि मी थरथरतो. त्या दुपारी टीव्ही बंद होता, तरी आतून मी हललो. कारण शंभर टक्के म्हणजे काय, ते मी आधी एकदा बघून आलो होतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते मीरा रोडच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि मग जितेशचे हात. जितेश म्हणजे पायलचा चुलतभाऊ. सुरुवातीला काय मजेत खेळायचा तो! समुद्राच्या कडेने गाडी पळवायची, बोगद्यात शिरल्यावर उगाच हॉर्न वाजवायचा, आणि स्वतःच हसायचा. मग एक दिवस त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांवर गेली. तिथून सगळं बदललं. तीच शर्यत, तेच वळण, चुकलं की परत पहिल्यापासून. ताट मांडीवर घेऊन खेळायचा आणि भाजी कसली होती ते विचारलं तर सांगता यायचं नाही. शेवटी शंभर भरले. पडद्यावर फटाके उडाले. जितेश ते बघत बसला, मग म्हणाला, "झालं एकदाचं." आणि मला ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

त्या अंधारात मी तळमळत पडलो होतो. ज्याच्यासाठी एवढा जीव आटवला ते हाती आल्यावर माणूस खूश का होत नाही, ते मला काही केल्या कळेना.

तिकडे इंद्रलोकात वेगळीच चिंता होती. पायल मेंदी काढते. लग्न गुजरात्यांचं असो, मारवाड्यांचं, मुसलमानांचं, नाहीतर आपल्यातलं, आसपासच्या नवऱ्या तिच्याच हातची मेंदी मागतात. हिवाळ्यात तिची शेअर रिक्षा कलंडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडून बसली. मेंदीचा कोन धरायला गेली की एकतर मेंदी बाहेरच येत नव्हती, नाहीतर एकदम भसकन सांडत होती. दोनदा प्रयत्न करून तिने कोन कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या स्वाती मॅडम म्हणाल्या, "स्पंजचा बॉल दाबून ती कंटाळलीये. असं काहीतरी द्या की बोटं हलतील आणि तिला व्यायाम वाटणार नाही." म्हणून जितेश मला घेऊन आला. "घे. माझं तर कम्प्लीट झालंय," म्हणाला. पायलने खेळ पहिल्यापासून सुरू केला.

पहिल्याच शर्यतीत ती सगळ्यात शेवटी आली आणि खळखळून हसली. अपघातानंतरचं ते पहिलं हसू. ते ऐकून राजश्रीताई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या होत्या.

मग पायलला शर्यतीपेक्षा भटकणंच आवडायला लागलं. आजी, म्हणजे राजश्रीताईंच्या सासूबाई इंदूबाई, वाल सोलत शेजारी बसायच्या. "ए, त्या पिवळ्या घरापाशी थांबव गं. अंगणात काय वाळत घातलंय बघू."

"आजी, रेसमध्ये थांबत नाहीत."

"का? ब्रेक नाही होय गाडीला?"

पायल थांबवायची. मागच्या गाड्या सूं सूं करत निघून जायच्या आणि दोघी पिवळ्या घराचं अंगण बघत बसायच्या.

माझ्याजवळचं एक गुपित सांगतो. उजव्या बोटाखालचं माझं बटण म्हणजे गाडीचा वेग. ते पूर्ण दाबणं सोपं आहे, रागावलेलं माणूसही दाबतं. पण ते अर्ध्यावर तोलून धरलं तर गाडी हळू, एका लयीत चालते. तसं धरायला बोटात समज लागते. मेंदीच्या कोनाला हाच दाब लागतो. पायल पिवळ्या घराकडे हळूहळू गाडी नेत होती तेव्हा तिचं बोट रोज थोडं थोडं तेच शिकत होतं. मला ते कळत होतं. पण मला सांगता कुठे येतं?

आणि आईच्या जिवाला धीर कुठला? हाताचं विचारलं तर डॉक्टर म्हणायचे, होईल हळूहळू. मॅडम म्हणायच्या, होईल हळूहळू. हाताला आकडा नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र होता, रोज दिसणारा, रोज वाढणारा. राजश्रीताईंनी त्यालाच धरलं. असा तो नवस झाला.

वैशाखात इंद्रलोकाचे रस्ते नुसते भाजत होते. राजश्रीताई अनवाणी भाजी आणायला जायच्या. भाजीवाल्याने विचारलं, "भाभी, चप्पल टूट गया क्या?"

"नहीं भैया, मन्नत है," एवढंच त्या म्हणाल्या. घरी येऊन बाथरूमच्या ओल्या लादीवर पाय टेकवून उभ्या राहिल्या. पायलने दारातून ते बघितलं.

"मम्मी, प्लीज चप्पल घाल ना."

"तू पूर्ण कर लवकर. मग घालते की."

त्या दिवसापासून पायल खेळेनाशी झाली. म्हणजे मी हातात होतो, पण खेळ नव्हता. बटण पूर्ण दाबून धरलेलं, मनगट ताठ, दात आवळलेले. आजीने पिवळं घर म्हटलं की, "आजी, आत्ता नको." डोंगरावरच्या शर्यतीला तीन तारे पडल्याशिवाय त्या शर्यतीचे टक्के मिळत नव्हते. तिसरा तारा पडेना. स्वयंपाकघरातून सारखी हाक यायची, "किती झालं गं?" त्या हाकेसरशी गाडी कठड्याला आपटायची आणि मी पायलच्या दुखऱ्या हातात थरथरायचो. माझीच मला लाज वाटायची.

एक दिवस तिने मला सोफ्यावर टाकलं. "मला नाही खेळायचं. गेम चालू केला की मला रस्ता दिसत नाही, तुझे पाय दिसतात."

"माझे पाय घट्ट आहेत गं."

"मग त्यांना माझ्या गेममध्ये कशाला आणलंस?"

राजश्रीताईंनी मला सोफ्यावरून उचलून टीव्हीखाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावणं त्यांना जमतच नाही. त्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या आणि उठल्या त्या नवा मार्ग घेऊन. आजारी माणसाच्या नावाने घरातल्या दुसऱ्या कुणी प्रदक्षिणा घातल्या तर देवाला चालतात. सासूबाईंचे गुडघे धरले होते तेव्हा त्यांच्या नावाच्या प्रदक्षिणा राजश्रीताईंनीच घातल्या होत्या. मग खेळ का चालू नये?

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्या टीव्हीपुढे पाट घेऊन बसल्या. "पायलच्या नावाने," म्हणत ताम्हनात पळीभर पाणी सोडलं. दोन थेंब माझ्या अगदी जवळ उडाले. देवीची कृपा, मी वाचलो.

वळण आलं की त्या स्वतः अख्ख्या कलायच्या. पुढच्या गाड्यांना "अहो, सरका जरा" म्हणायच्या. कुणाला धक्का लागला की चटकन हात जोडायच्या, आणि हात जोडले की गाडी समुद्रात. पण नेटाने बसत राहिल्या. बोटं सरावली. टक्के चढायला लागले. पायलचे वडील समाधान एकदा कामावरून लवकर आले आणि जेवायचं विचारलं.

"थांबा हो, शेवटचं वळण आहे."

त्यांनी बूट काढता काढता म्हटलं, "देवीलाच सांग ना दुसरा रिमोट घेऊन बसायला. दोघी मिळून लवकर उरकाल."

पायल हसली नाही. उजवा हात मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. मी तिच्या आईच्या हातात होतो आणि माझा जीव त्या खोलीकडे लागला होता.

स्वाती मॅडम पुन्हा आल्या. पायलचं एकेक बोट वाकवून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "व्यायाम बंद केलाय का?"

"नाही हो मॅडम," राजश्रीताई उत्साहाने म्हणाल्या, "रोज होतोय. ऐंशीच्या वर गेलंय."

"काय गेलंय ऐंशीच्या वर?"

राजश्रीताईंनी सगळं सांगितलं, नवस, पाट, पाणी. मॅडमनी ऐकून घेतलं. मग राजश्रीताईंचा हात हातात घेऊन त्यांची बोटं दाबून बघितली. "काकी, तुमची बोटं एकदम फर्स्ट क्लास आहेत. पायलची होती त्यापेक्षा आखडलीत. असंच चाललं तर ती अशीच बसतील. आणि तिच्या हाताला जोर नकोय, जपून दाबायची सवय पाहिजे."

 राजश्रीताई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या, जणू ती त्यांनी कुणाच्या ताटातून उचलली होती.

मॅडम गेल्यावर त्या सासूबाईंजवळ बसल्या. "आई, देवीपुढे बोलून बसलेय मी. बोललेलं परत कसं घेऊ? उलटलं म्हणजे?"

"कशाला उलटतंय? देवी काय शाळेतली बाई आहे, टक्के बघून पास करायला?" इंदूबाईंनी वालाची शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. "नवस बदलून घेता येतो. नारळ ठेव, कान धर, सांग, माझं चुकलं, हा सोडते, दुसरा धरते."

"दुसरा कसला धरू?"

"तुला जे सोडवत नाही ते सोड. चपला काय, कुणीही सोडतं."

राजश्रीताई विचारात पडल्या. चहा त्यांनी आधीही सोडला होता. गोड सोडलं होतं, भात सोडला होता. न सोडवणारं असं काही त्यांना आठवेना. तेवढ्यात दारात उभी असलेली पायल म्हणाली, "मी सांगू? किती झालं, हे विचारणं सोड. हात किती झाला, गेम किती झाला, उठल्यापासून तेच ऐकते मी. जमेल तुला?"

राजश्रीताईंचा चेहरा बघून मला कळलं की चपलांचा नवस सोपा होता.

दुसऱ्या दिवशी नारळ ठेवला. कान धरले. देवीपुढे नवं बोलणं झालं. मग राजश्रीताईंनी चप्पल घातली आणि खाली उतरल्या. सवय गेल्यामुळे पावलं अडखळत होती म्हणे.

पायलने मला लगेच उचललं नाही. बरेच दिवस मी टीव्हीखाली पडून होतो आणि प्रत्येक पावलाला वाटायचं, आता येईल. एका दुपारी आजीच म्हणाली, "ते पिवळं घर अजून आहे का गं, की पाडून टॉवर बांधला?" पायलला हसू आवरेना. तिने मला उचललं आणि गाडी वळवली. बोट बटणावर आलं, थबकलं, आणि अर्ध्यावर टेकलं. कापत होतं, पण टेकलं.

राजश्रीताई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या. ओठ उघडले. मिटले. मग म्हणाल्या, "चहा घेणार का गं?"

आता या घरात दिवसभर चहा विचारला जातो. समाधान म्हणतात, हा नवस दूधवाल्याला पावला.

आज आषाढ लागलाय. माझं रबर झिजलंय, पाठीवर कुंकवाचा डाग आहे, आणि गाडी जरा डावीकडे ओढते. खेळाचे टक्के होते तिथेच आहेत. डोंगरावरचा तिसरा तारा तसाच राहिलाय आणि तिकडे कुणी फिरकत नाही. काल पायलने कपाटाचं दार उघडून कोन काढला आणि पालथ्या ताटावर एक वेल काढली. मध्ये एका जागी ती तुटली, पुढे पुन्हा सुरू झाली. हात पहिल्यासारखा होईल का? मला माहीत नाही. आत सारखी हुरहुर असते. पण पायल जेव्हा मला हातात घेते, तेव्हा तिच्या बोटात घाई नसते, एवढं मी छातीठोक सांगतो.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, हळूहळू बरं होणारं, हळूहळू शिकणारं, काहीतरी सावकाश जोडत बसलेलं. चातुर्मास तोंडावर आलाय. तुम्ही कांदा सोडाल, वांगं सोडाल, आवडीची एखादी वस्तू सोडाल. त्यासोबत राजश्रीताईंनी सोडलं तेही यंदा सोडून बघा. त्या माणसाजवळ बसा, ते दाखवेल तिकडे बघा, आणि किती झालं ते विचारू नका. अगदीच ओठांवर आलं, तर चहा विचारा.