यादीबाहेरची वाट

"त्या उताराच्या वाटेवर खडी कुणी टाकली?"

हार्टविगनं प्रश्न सगळ्या टोळीला विचारला, पण बघितलं विष्णूकडेच. बाउहोफमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या गाड्या-अवजारांच्या आवारात, सहा माणसं फावडी घेऊन उभी होती आणि सहाही जणांना उत्तर ठाऊक होतं.

"मी टाकली," विष्णू म्हणाला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे. ड्यूटीच्या आधी पंधरा मिनिटं येतो. उरलेली खडी असते, तीच टाकतो."

हार्टविग टोळीचा मुकादम. वय बासष्ट, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यानं बाकीच्यांना गाडीकडे पिटाळलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, ती वाट सफाईच्या यादीत नाही. तिच्या तोंडाशी पाटी आहे. हिवाळ्यात इथे सफाई होत नाही, स्वतःच्या जबाबदारीवर जा. पाटी आहे तोवर पडणाऱ्याचं तो बघेल. पण तू रोज खडी टाकलीस, की लोक म्हणणार, इथे सफाई होते. मग पडणाऱ्याचं आपल्याला बघावं लागतं. कळलं?"

"पण कुणी पडू नये म्हणूनच तर..."

"तिथून कुणी जाऊ नये म्हणून पाटी आहे. आजपासून एक खडाही नाही. मी हे वर कळवत नाही, एवढे उपकार समज."

विष्णू टिळेकर एकोणपन्नास वर्षांचा होता. अकरा वर्षांपूर्वी तो पुण्याहून वोल्फ्सबुर्गला आला, तो गाड्यांच्या दारांची कुलुपं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून. दार लागताना कुलपाचा आवाज कसा यायला हवा, हे तो डोळे मिटून सांगत असे. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं ते काम रोमानियाला हलवलं. काम गेलं, विष्णू राहिला. अर्ज करकरून त्याची उमेद संपली. वय विचारलं जात नसे, पण मोजलं जात असे. शेवटी ब्राउनश्वाइगजवळच्या या लहान शहराच्या नगरपालिकेनं त्याला हिवाळ्यापुरता घेतला. जिथे गाडी पोचत नाही तिथला बर्फ हातानं काढायचा. बसथांबे, जिने, रस्ता ओलांडायच्या जागा.

त्याची बायको ऊर्मिला एका बेकरीच्या काउंटरवर उभी राही आणि तसं सगळ्यांना सांगे. विष्णू मात्र ओळखीच्यांना सांगायचा, "सिटीत आहे. इन्फ्रास्ट्रक्चर बघतो." पुढे प्रश्न येऊ नयेत म्हणून त्यानं मराठी मंडळाच्या गणपतीला जाणंही सोडलं होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच उताराच्या वाटेशी तो पाय घसरून आपटला होता आणि तोंडून "आई गं!" निघालं.

"लागलं का हो?" वरून आवाज आला.

वर एक बाई उभ्या होत्या. नऊवारी-पाचवारी काही नाही, पँट, सुनेचा लांब कोट, डोक्याला मफलर आणि कपाळावर कुंकू. सुरेखा आगाशे. पुण्याच्या सहकारनगरमधून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या, वय सदुसष्ट. मुलगा शिरीष आणि सून मीनल दोघंही वोल्फ्सबुर्गला नोकरीला. चार वर्षांच्या अन्वीला सकाळी किटामध्ये, म्हणजे तिच्या बालवाडीत पोचवायचं काम आजीकडे. रस्त्यानं गेलं तर पंचवीस मिनिटं, या वाटेनं सहा.

"अगंबाई, आपले वाटतं तुम्ही!" त्या उतरून आल्या. "काय करता इथे?"

हातात फावडं होतं, अंगात नारिंगी जॅकेट होतं. प्रश्नाची गरजच नव्हती. तरी विष्णूच्या तोंडून निघालं, "इंजिनिअर आहे. या भागातला बर्फ माझ्याकडे असतो. माणसं कमी पडली की स्वतःच उतरतो."

त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण बाईंनी ते जसंच्या तसं घेतलं.

"कामाची लाज नसलेला साहेब पहिल्यांदा बघितला मी! या वाटेची मात्र भीती वाटते हो. हाताशी पोर असते."

"मी बघतो, मावशी," विष्णू म्हणाला. "तुमची वाट मोकळी राहील."

दुसऱ्या दिवसापासून तो पंधरा मिनिटं आधी येऊ लागला. आणि आठाच्या सुमाराला, अन्वीला सोडून परतताना, मावशी खालच्या बसथांब्यापाशी थांबून त्याला थर्मासमधला चहा देऊ लागल्या. आलं किसून घातलेला. संक्रांतीला गुळाची पोळी आली, फॉइलमध्ये, वर तुपाचं बोट फिरवलेली. त्यांनी त्याला अहोजाहो करावं, सुनेच्या हातच्या मिठाबद्दल तक्रार करावी, जर्मनीच्या थंडीला शिव्या घालाव्यात. ती दहा मिनिटं विष्णू साहेब असे. वाटेवर खडी दिसू लागली तशी बाबागाड्या घेऊन इतर बायकाही तिथून जाऊ लागल्या. त्याला बरं वाटे.

हार्टविगनं मनाई केली त्या सकाळी विष्णूनं ठरवलं, आज मावशींना सांगायचं. उद्यापासून रस्त्यानं जा. चार शब्दांचं काम.

मावशी आल्या त्या हातात फोन उंच धरूनच.

"थांबा थांबा, हलू नका! हे बघा गं, हेच ते टिळेकर साहेब. यांच्या हुकमाशिवाय इथे बर्फ हलत नाही!"

स्क्रीनवर पुण्याच्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात सात-आठ बायका एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. भिशीचा दिवस होता. कुणी हात हलवला, कुणी म्हणालं, "आमच्या सुरेखाला सांभाळा हो!" दुसरी म्हणाली, "आमच्या गल्लीतले खड्डे पण बघा की, साहेब!" सगळ्या हसल्या.

"उद्या पाऊस आणि बर्फ एकदम आहे म्हणतात," मावशी म्हणाल्या. "पण आपल्याला काय! टाकाल ना खडी?"

फोन त्याच्या तोंडासमोर होता. आठ जणी बघत होत्या.

"हो तर," विष्णू म्हणाला. "नक्की."

फोन बंद झाल्यावर सांगू, असं त्याला वाटलं. पण मावशी बोलत बोलतच वर चढून गेल्या. तो खाली उभा राहून त्यांचा मफलर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. हाक मारायला हरकत नव्हती. त्यानं मारली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस आला आणि जमिनीला लागता लागता गोठला. शहराला काच चढली. बस बंद, शाळा बंद. हार्टविगनं टोळीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनवर नेलं. जिन्यांवर खडी टाकताना विष्णूला दोनदा वाटलं, गाडी मागावी, पंधरा मिनिटांत जाऊन यावं. मग त्यानं मनाची समजूत घातली, की बालवाडी बंद आहे, मावशी कशाला बाहेर पडतील.

त्यानंतर तीन सकाळी त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी बसथांब्यापाशी त्याच्यासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. अडतिशीचा, रात्रभर न झोपलेला.

"टिळेकर तुम्हीच ना? मी शिरीष आगाशे. आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय. चाळीस मिनिटं एकटी पडून होती त्या वाटेवरच्या झाडीत. फोन हातातून निसटून खाली गेलेला. हाका मारत होती, पण मराठीत."

विष्णूच्या हातातलं फावडं खाली टेकलं.

"पण किटा तर बंद होती," तो कसाबसा म्हणाला.

"हो, बंद होती. तुम्हाला चहा द्यायला निघाली होती."

शिरीषनं फोन पुढे केला. पडद्यावर विष्णूच होता, बादलीतून खडी फेकताना. असे अकरा फोटो होते. मावशींनी भिशीच्या ग्रुपवर रोज टाकलेले.

"वकिलाशी बोललोय," शिरीष म्हणाला. "थोडक्यात, केस सरळ आहे. नगरपालिका रोज खडी टाकत होती आणि त्या दिवशी टाकली नाही. फक्त तुम्ही सांगायचं, की मुकादमानं टाकायला सांगितली होती. दॅट्स ऑल. आईचा इथला इन्शुरन्स सगळं कव्हर करत नाहीये. पुढे किती महिने लागतील माहीत नाही."

"पण त्यानं सांगितलं नव्हतं. उलट मनाई केली होती."

"हे कुठे लिहिलेलं आहे का?"

"नाही. तोंडी होतं."

"मग प्रश्नच मिटला." शिरीष जरा जवळ आला. "तुम्ही कुलपांचं काम केलंय ना? आईनं नाव सांगितलं, मी प्रोफाइल बघितलं तुमचं. आमच्या टीममध्ये एक जागा निघतेय. क्वालिटीतच. सीव्ही माझ्या हातून गेला तर निदान इंटरव्ह्यू नक्की. तुम्ही काय हे असलं करताय!"

त्या संध्याकाळी विष्णूनं ऊर्मिलेला सगळं सांगितलं. अगदी पहिल्या दिवसाच्या थापेपासून.

"एक खोटं बोलून तुम्ही एका बाईचं हाड मोडलंत," ती म्हणाली. "आता दुसरं बोलून हार्टविगची नोकरी मोडायची असेल तर मोडा. मला नका विचारू."

नगरपालिकेच्या कायदा विभागात एक तरुण बाई कॉम्प्युटरवर त्याचा जबाब टिपत होती. शेजारच्या खुर्चीत हार्टविग टोपी मांडीवर घेऊन बसला होता. फोटो टेबलावर मांडलेले होते.

"खडी टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मी माझ्या मनानं टाकली."

"मनाई झाली होती?"

"हो. पडण्याच्या आदल्या दिवशी."

हार्टविगनं सुटकेचा श्वास टाकला. विष्णूला तो ऐकू आला. आणि मग, वाचलेला माणूस जसा आणखी थोडा वाचायला बघतो, तसं हार्टविग म्हणाला, "त्या आधीही सांगितलं होतं. तीनदा. त्याला भाषा नीट कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं."

बाईनं विष्णूकडे बघितलं. "तीनदा?"

हार्टविग टोपीच्या शिलाईकडे बघत होता.

"एकदा," विष्णू म्हणाला. "आणि कळलं होतं."

तिनं दोन्ही वाक्यं टाइप केली. आठवड्याभरात दोन पत्रं निघाली. आगाश्यांच्या वकिलाला कळवलं गेलं, की कर्मचाऱ्यानं आज्ञा मोडून परस्पर केलेल्या कामाला नगरपालिका जबाबदार नाही. विष्णूला कळवलं गेलं, की फेब्रुवारीअखेर त्याचं काम संपेल आणि पुढच्या हिवाळ्यासाठी त्यानं अर्ज करू नये. शिरीषला त्यानं फोन लावला, तो उचलला गेला नाही.

मग तो इस्पितळात गेला. फुलं घेतली होती, ती दारातच जड वाटू लागली.

सुरेखाबाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. महिन्याभरात माणूस एवढा लहान होतो, हे त्याला माहीत नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला.

त्यांनी मान वळवली. राग दिसला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"बसा. शिरीषनं सांगितलं सगळं. साहेब नव्हतात तुम्ही."

"नव्हतो."

"ते काय मला कळलं नव्हतं का हो?" त्या म्हणाल्या. "साहेबाच्या हाताला असे घट्टे असतात का? माझे वडील एसटीत मेकॅनिक होते. घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचे, डेपो मॅनेजर आहे. मला वाटलं, परक्या देशात आहे माणूस, म्हणू दे. म्हणून मीही म्हणत होते."

खुर्चीवर बसलेल्या विष्णूनं हात फुलांखाली झाकले.

"थापेचं काही नाही. पण आदल्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं. 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. तेही मराठीत. इतक्या महिन्यांत मला या गावात तुम्हीच एकटे भेटला होतात, ज्याचं बोलणं मला कळत होतं."

"मावशी, मी..."

"मावशी नका म्हणू आता." आवाज चढला नव्हता. "डॉक्टर म्हणतात, काठीनं घरातल्या घरात चालेन. सहकारनगरचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. शिरीष ते विकायला काढणार. निघा तुम्ही. मीनल येईल इतक्यात, तुम्हाला बघून तिला सहन होणार नाही."

त्यानं फुलं खुर्चीवर ठेवली, मग तीही उचलून बाहेर आणली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी हार्टविगनं त्याला एकट्यालाच काम दिलं. उताराची वाट दोन्ही तोंडांशी बंद करायची. लोखंडी खांब, चार आडव्या नळ्या, बोल्ट. हार्टविग गाडीतून उतरला नाही. सामान उतरवून झाल्यावर काच खाली करून म्हणाला, "घाई नाही," आणि निघून गेला.

विष्णूनं खड्डे खणले. खांब ओळंब्यात उभे केले, पुन्हा पुन्हा लेव्हल लावून बघितली. बर्फ वितळून वाट काळी ओली झाली होती, आणि कडेच्या गवतात अजून कुठे कुठे खडी दिसत होती. दुपारी एक तरुण बाई बाबागाडी ढकलत आली आणि खांब बघून थांबली.

"हे कायमचं?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"हो."

"आता तर बर्फ संपला! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

विष्णू पान्हा फिरवत राहिला. तिला जरा वेळानं काहीतरी आठवलं.

"हां, इथे कुणी आजीबाई पडल्या होत्या ना. परदेशी. तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

"नाही," विष्णू म्हणाला.

तिनं बाबागाडी वळवली. रस्त्यानं पंचवीस मिनिटं होती. विष्णूनं खालच्या नळीचा बोल्ट बसवला, हातानं हलवून बघितला, आणि वरचा घ्यायला उठला.