मिको हो म्हणाले

“ह्याची वासरं आईला किती छळतात, तेवढं वाच,” अण्णा म्हणाले, आणि वळूंचं पुस्तक त्यांनी माझ्या चिरलेल्या कांद्यावरच ठेवलं.

मेमधला शनिवार होता. तासाभरात आमचे मित्र पूर्णिमा आणि संजीव जेवायला यायचे होते. मी हात पुसले आणि वाचलं. जन्माचं वजन, प्रसूती अडण्याचं प्रमाण शेकडा अमुक, गाभणकाळ इतके दिवस. प्रत्येक वळूचा पानभर रंगीत फोटो, खाली आई-वडील, आजी-आजोबा, आजोळ. माझं लग्न ठरताना नितेशची एवढी माहिती कोणी आम्हाला दिली नव्हती. मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीनं एका काळ्या अँगस वळूभोवती गोल काढला आणि पान दुमडलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. तेहेतीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक. सायकलच्या, मग मोटारसायकलच्या मागे कृत्रिम रेतनाचा डबा बांधून अकोले-संगमनेरची गावं फिरले. सासूबाई गेल्या त्या वर्षी, म्हणजे २००४च्या मार्चमध्ये, नितेशनं त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडला, एनिस गावी आणलं. आमची वसाहत गावाच्या पार कडेला, नवी कोरी. मागच्या भिंतीपलीकडे मिको कॉन्सिडाइनचं कुरण. चौथ्या दिवशी अण्णा भिंत ओलांडून गेले ते रोजच जायला लागले. ह्यांना इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी शून्य. तरी दोघं कुंपणाला टेकून तासन्‌तास गाईंकडे बघत उभे राहायचे. घरी आले की बुटांना शेण आणि स्वेटरला वास. मी बूट बाहेर काढून ठेवायला सांगायची. गोड शब्दांत, पण सांगायचीच. मी शॅननला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. माझ्याकडे येणारी माणसं बूट बघतात, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या दिवशी जेवताना संजीवनं पुस्तक पाहिलं आणि म्हणाला, काय काका, बीफसाठी स्थळं बघताय की काय? सगळे हसले. मीसुद्धा. अण्णांनी ताटातला घास खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की खाणारे खातील, ते काही माझ्या हातात नाही. विताना जनावर मरू नये, एवढंच माझं काम. मी पटकन श्रीखंड आणलं.

प्रश्न एका कालवडीचा होता. मिकोकडे पंधरा-सोळा गाई, सगळ्या मांसासाठी पाळलेल्या. त्यात ही एक लाल, अजून एकदाही न व्यालेली, ठेंगणी, कंबरेत अरुंद. अण्णांच्या मागे मागे फिरायची, त्यांच्या खिशात जिभेनं चाचपायची. मिकोला तिला शॅरोले वळूची, गोठवलेल्या वीर्याची, कांडी भरायची होती. शॅरोले म्हणजे धिप्पाड पांढरं जनावर. त्याचं पिवळसर वासरू बाजारात उठून दिसतं. अण्णा म्हणत होते की थोराड गाईला खुशाल भर, पण हिला नको, हिला अँगसच. वासरू लहान होईल, काळं होईल, चार पैसे कमी येतील, पण कालवड जगेल. हे सगळं मिकोला नीट कळायला हवं होतं, आणि नितेश ऑन-कॉल होता. म्हणून रविवारी दुभाषी मी.

जाताना वाटेत अण्णांनी मला ते सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, आजवर सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं म्हणे. ऐंशीच्या सुमारास अकोल्याकडच्या एका डोंगरातल्या वाडीत लता नावाची बाई होती, नवरा गेलेला, एक खुजी गाय. गाय माजावर आली तेव्हा अण्णांच्या डब्यात फक्त मोठ्या विदेशी वळूच्या कांड्या होत्या. परत उद्या एवढा डोंगर कोण चढणार, म्हणून त्यांनी तीच भरली. नऊ महिन्यांनी गाय दोन दिवस अडून मेली.

“मी तिला सांगितलं, वासरू आडवं होतं,” अण्णा म्हणाले. “खोटं सांगितलं. वासरू नुसतं मोठं होतं. तिनं मला चहा दिला. त्याच गाईच्या दुधाचा नव्हता, कोरा होता.”

मी हं म्हटलं. खरं सांगायचं तर माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पाऊस भुरभुरत होता, सोमवारी रिलीज होता आणि माझे नवे बूट चिखलात रुतत होते.

मिको गोठ्याच्या दाराशी उभा होता. अण्णांनी पुस्तक उघडलं, गोल केलेला वळू दाखवला, मग कालवडीच्या पाठीमागे जाऊन कंबरेची दोन्ही हाडं वितीनं मोजून दाखवली. ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत सांगत होते. पंधरा मिनिटं तरी. मिकोनं सगळं ऐकलं, एकदाही मध्ये बोलला नाही. शेवटी टोपी मागे सारून म्हणाला,

“आय विल, या.”

आता हे नवख्याला कळणार नाही. ह्या क्लेअर काउंटीत चार वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. इथला माणूस ‘आय विल’ म्हणाला तर करतो. ‘आय विल, या’ असं शेवटचं अक्षर ओढून म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘करतोय! बस वाट बघत.’ माझ्या ऑफिसात रोज कोणी ना कोणी कोणाला तरी म्हणतं. मिकोनं वर माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. काहीच शंका नव्हती.

“काय म्हणाले?” अण्णांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते. आणखी अर्धा तास, आणखी चिखल.

“हो म्हणाले,” मी सांगितलं.

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला जरा चमत्कारिक वाटलं. त्यांनी मिकोला हात जोडले. मिको गोंधळला, मग त्यानं ते जोडलेले हात तसेच आपल्या दोन्ही हातांत धरून हलवले. घरी येईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

अण्णा नाही विसरले. मेच्या वीस तारखेला ते परत गेले. पंचवीसला रेतनवाल्याची गाडी मिकोच्या फाटकात दिसली, ते मीच त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच हिशोब केला: अँगसचे दोनशे ऐंशी दिवस, म्हणजे एक मार्च. दर रविवारी फोन. नितेशची चौकशी झाली की, लाल कशी आहे? मी भिंतीवरून डोकावून सांगायची, बरी आहे, पोट दिसतंय. संगमनेरात त्यांनी सगळ्या मित्रांना सांगितलं होतं की आयर्लंडच्या शेतकऱ्यानं माझं ऐकलं. पोट फार दिसायला लागलं तेव्हा मला एकदोनदा आतून टोचलं. पण म्हटलं, आता सांगून काय उपयोग? आणि मिकोनं कदाचित विचार बदललाही असेल. माणूस स्वतःची किती सोयीनं समजूत घालतो, बघा.

फेब्रुवारीच्या शेवटी अण्णा पुन्हा आले. नातेवाइकांत सांगितलं, मुलाला भेटायला. बॅगेत मात्र काळ्या रेशमाचा गोंडा होता, वासराच्या गळ्यात बांधायला.

एक मार्च गेला. पाच गेला. अण्णा रोज सकाळी जाऊन कालवडीच्या शेपटीखाली हात लावून येत. आठ तारखेला म्हणाले, “अँगस एवढा थांबत नाही.” मी वरण वाढलं.

दहाला सकाळी नऊ वाजता मिकोनं आमचं दार वाजवलं. जनावरांचा डॉक्टर पलीकडच्या गावात एका गाईचं पोट फाडत होता, त्याला यायला तास लागणार होता. मिकोनं अण्णांचं नाव घेतलं नाही, फक्त विचारलं, ते आहेत का घरात? अण्णा चपलांवरच निघाले. मागे मी.

कालवड गोठ्यात आडवी पडली होती. दोन पाय बाहेर आले होते. अण्णा गुडघ्यांवर बसले आणि थबकले. पायांवरचे केस काळे नव्हते. ताकासारखे पिवळट पांढरे होते, आणि खूर माझ्या मुठीएवढे. अण्णांनी मिकोकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शर्ट काढला, दंडापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. बराच वेळ डोळे मिटून चाचपत राहिले.

मग म्हणाले, “जिवंत आहे. पण ह्या वाटेनं येणार नाही. ओढू नका म्हणावं. डॉक्टरची वाट बघा, पोट कापूनच काढावं लागेल.”

ह्या वेळी मी शब्दन्‌शब्द सांगितलं. मिको म्हणाला, तासाभरात वासरू मरेल. त्यानं भिंतीवर टांगलेला, वासरू ओढून काढायचा जॅक उचलला. लांब लोखंडी दांडा, गाईच्या मांड्यांना टेकवायची कमान, साखळ्या आणि कळ. त्यानं साखळ्या वासराच्या पायांना अडकवल्या. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

“टेल हिम लेट गो,” मिको मला म्हणाला.

मी सांगितलं. अण्णांनी सोडलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण मला ते सांगवत नाही. कळीचा प्रत्येक टक्‌ आवाज झाला की कालवड ओरडायची. डोकं आलं, जीभ निळी, सुजलेली. खांदे आले. मग कंबर अडकली, आणि मिको दांडा खाली-वर करत राहिला. अण्णा तिच्या डोक्याशी जाऊन बसले होते, तिचं तोंड मांडीवर घेऊन. ती ओरडताना त्यांच्या खिशाला नाक लावत होती. शेवटी वासरू बाहेर पडलं. भलंथोरलं, पिवळसर, देखणं आणि मेलेलं. कालवडीनं तीनदा उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय फाकून सरकायचे, अंगाखाली येतच नव्हते. डॉक्टर आला, त्यानं तिच्या कंबरेवर हात फिरवला, मिकोशी दोन शब्द बोलला आणि गाडीतून मोठी सुई आणली.

मिको हात धुता धुता मला म्हणाला, आता तुझ्या सासऱ्यानं माझ्यावर चिडू नये. “आय टोल्ड हिम नो. डिडंट आय? स्ट्रेट टू हिज फेस.”

मी भाषांतर केलं नाही. अण्णांना तेवढं इंग्रजी येत होतं.

घरी येताना कुरणाच्या मध्यावर ते थांबले. हातावरचं रक्त वाळलं होतं.

“मे महिन्यात तो काय म्हणाला होता? त्याच्या शब्दांत सांग.”

“आय विल, या.”

“म्हणजे हो ना?”

“नाही. इथे त्याचा अर्थ नाही असा होतो.”

“तुला तेव्हा ठाऊक होतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. सवय झाली होती. पण त्यांच्या त्या हातांकडे बघून जमलं नाही. हो म्हटलं.

“नाही म्हणाला असता, तर मी दुसऱ्या दिवशी परत गेलो असतो,” अण्णा म्हणाले. “रोज गेलो असतो. मला कामच काय होतं दुसरं?”

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी तरी झाले असते. त्यांनी बागेतल्या नळावर हात धुतले, बूट नव्हते तरी चप्पल न सांगता बाहेर काढली आणि आत आले. नितेशला सांगितलं, कालवड अडून मेली. वासरू मोठं होतं. माझं नाव घेतलं नाही.

त्यानंतरचे अडीच महिने ते माझ्याशी अतिशय चांगले वागले. वाढलेलं सगळं खायचे, भाजी छान झाली म्हणायचे, ताट उचलून ठेवायचे. भिंतीपलीकडे एकदाही गेले नाहीत. मिकोनं दोनदा हात केला, त्यांनीही केला. वळूंचं पुस्तक एका सकाळी रद्दीच्या डब्यात दिसलं, दुमडलेलं पान सरळ केलेलं. रेशमाचा गोंडा कुठे गेला, मी विचारलं नाही.

शॅनन विमानतळावर नितेश बॅगा देऊन गाडी लावायला गेला. आम्ही दोघंच राहिलो. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच, जड आणि उबदार. माझे डोळे भरून आले.

“अण्णा,” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की परत या.”

त्यांनी पासपोर्ट खिशात नीट ठेवला. माझ्याकडे बघून हसले.

“आय विल, या,” अण्णा म्हणाले, आणि आत गेले.